ख्रिस्तवासी आजीचं जीवनवृत्त जुळवताना

दफनविधीच्या सकाळी पाळकसाहेबांच्या (चर्चच्या धर्मगुरूंच्या) हातात घरच्यांनी घाईघाईत लिहिलेला एक कागद पडतो. जन्मतारीख, लग्नाचं साल, मुलं, सुना, जावई, नातवंडं आणि शेवटी एक ओळ: ‘आजी अतिशय श्रद्धाळू, प्रेमळ व प्रार्थनाशील होत्या.’ नावं बदलली की तोच कागद पुढच्या आजीलाही चालतो.

मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, ख्रिस्तवासी (दिवंगत) आजींची जीवनवृत्तं जुळवून द्यायचं काम आम्ही करतो. बहुतेक कुटुंबं नगर (आता अहिल्यानगर), पुणे, सोलापूर या पट्ट्यातली, म्हणजे जुन्या मिशनच्या मंडळ्यांतली. जिची भक्ती रोजचीच होती, तिच्याबद्दल विशेषणं झटकन आठवतात आणि त्यांतून काहीच कळत नाही, हे या कामात पुन्हा पुन्हा दिसतं. रोजची भक्ती ही सवय असते आणि सवयीचा माग लागतो तो तारखांत, वेळांत, नावांत आणि वापरून झिजलेल्या वस्तूंत. म्हणून आमचा क्रम ठरलेला आहे: आधी कागद, मग माणसं, आणि लिहायला बसायचं सगळ्यात शेवटी.

दफनाच्या दिवशीच्या कागदावर वाद नसलेल्या गोष्टीच घ्याव्यात: नाव, माहेरचं नाव, वय, कुटुंब, मंडळी. एवढं पुरतं. खरं जीवनवृत्त पुढे स्मरणभक्तीसाठी, म्हणजे आजीच्या आठवणीत नंतर होणाऱ्या उपासनेसाठी, लिहायचं. मधल्या काळात घरच्यांना एकच विनंती करतो, की आजी बसायची तो कोपरा आवरू नका. बायबल, गायनाचं पुस्तक, चष्मा, वह्या, दानाची पाकिटं, औषधाच्या डबीत घडी करून ठेवलेल्या चिठ्ठ्या, सगळं आहे तिथेच राहू द्या आणि आधी फोटो काढा. कुठली वस्तू कशाच्या हाताशी होती, हीसुद्धा माहितीच आहे. आवराआवरीत पहिल्यांदा जातात त्या चिठ्ठ्या आणि जुनी पाकिटं. कामाचं बरंचसं त्यांतच असतं.

बायबल हातात घेतलं की आधी शीर्षकपान आणि त्यामागचं छपाईचं साल पाहायचं. मग कुटुंबाच्या नोंदींचं पान. जन्म, बाप्तिस्मे, लग्नं, मृत्यू तिथे ओळीनं लिहिलेले असतात आणि घरच्यांच्या लेखी ते पान म्हणजे पक्का पुरावा. पण शाई बघा. सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच हातवळणात, एकाच बैठकीतल्या दिसत असतील तर त्या आठवणीतून किंवा जुन्या पुस्तकावरून उतरवलेल्या आहेत. छपाईच्या सालाआधीच्या नोंदी तर उतरवलेल्या असणारच. अशा पानावर साल एखाद्या वर्षानं मागेपुढे होतं, भावंडांचा क्रमही उलटतो. वेगवेगळ्या शाईत, वेगवेगळ्या काळात लिहिलेल्या नोंदींवर जास्त भरवसा ठेवावा.

फोटो खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून आणि फोन पानाला समांतर धरून काढायचे. आधी अख्खं पान, मग जवळून. पेन्सिल पुसट झाली असेल तर पुस्तक फिरवून उजेड एका बाजूनं तिरपा पडू द्यावा. कागदावर उमटलेल्या दाबाच्या रेघा दिसू लागतात. पानांत ठेवलेली चिठ्ठी, फूल, वर्तमानपत्राचं कात्रण आधी जागेवरच टिपायचं, मग उचलून दोन्ही बाजूंनी. कुठल्या अध्यायात होतं ते लगेच लिहून ठेवलं नाही तर संध्याकाळपर्यंत विसरतं. फाटक्या पानाला सेलोटेप लावू नये, काही वर्षांत ती पिवळी पडून कागदालाच खाते. लॅमिनेशन तर नकोच. कात्रणाच्या आम्लानं शेजारची पानं तपकिरी पडतात, म्हणून फोटो झाल्यावर कात्रण वेगळ्या पाकिटात ठेवावं, पाकिटावर पान क्रमांक घालून.

खरा मजकूर समासात असतो. त्यासाठी एका वहीत रकाने आखतो: पुस्तक, अध्याय, वचन, समासातली तारीख, अक्षरं, कशानं लिहिलंय, आणि शेवटचा रकाना ‘आमचा अंदाज’. हा शेवटचा रकाना वेगळाच राहिला पाहिजे. अंदाज नोंदीत मिसळला की दोन महिन्यांनी तोच पुरावा म्हणून घरभर फिरतो.

एका बायबलात स्तोत्र १२१ च्या कडेला पेन्सिलीनं लिहिलेल्या तारखांची उतरंड होती. प्रत्येक तारखेपुढे एखादं अक्षर, कुठे दोन. घरच्यांच्या मते ती आजारपणं असावीत. वहीत मांडल्यावर दिसलं की सगळ्या तारखा जूनमधल्या आहेत. अक्षरं मुलांच्या नावांची होती, आणि जूनमध्ये मुलं मिशनच्या बोर्डिंगला परत जायची. तुझं जाणं आणि येणं परमेश्वर राखील, अशा अर्थाचं वचन त्या स्तोत्राच्या शेवटी आहे. एकेक मूल घराबाहेर पडलं की आजी तारीख घालत होती. सर्वात धाकट्याच्या तारखांनंतर पेन्सिल जाऊन बॉलपेन येतं, अक्षरंही नवी, म्हणजे नातवंडांची. ‘आजी प्रार्थनाशील होत्या’ या ओळीऐवजी स्मरणभक्तीत हे वाचलं गेलं.

अक्षर नसलेल्या तारखा जपून हाताळाव्यात. ईयोबाच्या पुस्तकात किंवा विलापाच्या एखाद्या स्तोत्रापाशी नुसतीच तारीख दिसली, की ती मंडळीच्या दफन नोंदवहीशी ताडून पाहतो. अनेकदा तिथे काही महिन्यांच्या बाळाची नोंद सापडते. जिवंत राहिलेल्या भावंडांना या बाळाचा पत्ता नसतो किंवा पुसटसं काहीतरी ऐकलेलं असतं. असं काही हाती आलं तर ते थेट मजकुरात घालायचं नाही. आधी थोरल्या मुलीला किंवा मुलाला एकट्यानं सांगायचं आणि वाचायचं की नाही ते त्यांच्यावर सोडायचं. बहुतेक घरं ‘वाचा’ म्हणतात, पण विचारल्यावर.

प्रार्थनेच्या वह्यांचं काम याहून नाजूक. जुन्या हिशेबाच्या वहीत, कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूला, शाळेच्या उरलेल्या पानांवर आजी नावं लिहून ठेवते. नावापुढे कारण: ताप, परीक्षा, नोकरी, मूल होत नाही, दारू सुटो. उत्तर मिळालं की बारीक खूण आणि तारीख. एखाद्या नावावर काट मारलेली, पुढच्या पानावर तेच नाव पुन्हा घेतलेलं. कुणाशी बिनसलं होतं आणि कधी मिटलं, हे असं पानांवरच दिसतं. पण ही सगळी दुसऱ्यांची गुपितं आहेत आणि त्यांतली माणसं त्याच मंडळीत पुढच्या बाकावर बसतात. म्हणून या वह्यांचे फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नयेत. एकदा एका वहीचं पान असंच फिरलं आणि एक सोयरीक मोडता मोडता राहिली. जीवनवृत्तात नावं न घेता रीत सांगावी: यादी कितीची होती, क्रम काय होता, पहिलं नाव घरातलं की बाहेरचं, किती वर्षं ती ठेवली. क्रम तर जरूर पाहावा. पुष्कळ याद्यांत स्वतःच्या मुलांची नावं खाली असतात आणि वर विधवा शेजारीण, पाळकाचं कुटुंब, नाहीतर शाळेची आया.

मग मंडळीचं दप्तर. पाळकसाहेब आणि कमिटी यांच्या नावे साधा अर्ज करावा: आजीचं पूर्ण नाव, माहेरचं नाव, वडिलांचं नाव, अंदाजे साल, आणि ही माहिती कशासाठी हवी ते. रविवारी उपासनेनंतर जाऊन मागू नये, त्या वेळी कुणालाच सवड नसते. नोंदवह्या वर्षवार असतात, नावांची सूची क्वचितच. ‘१९३० च्या सुमारास’ म्हणून भागत नाही. मागची-पुढची तीन-तीन वर्षं चाळायची तयारी ठेवावी. फोटोला परवानगी नसेल तर हातानं उतरवावं, ओळीचा अनुक्रमांक आणि पान यांसकट.

बाप्तिस्म्याच्या नोंदीत सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे शेजारचा रकाना उतरवणं. जन्मतारीख आणि बाप्तिस्म्याची तारीख लागून असतात, घाईत एक दुसऱ्याच्या जागी येते. मोठेपणी बाप्तिस्मा झालेल्या बाईचं आधीचं नाव त्याच ओळीत किंवा शेऱ्यात असू शकतं. घरात तिला एका नावानं ओळखतात, वहीत दुसरंच असतं, रूथ किंवा मार्था. दोन बाया समजून शोध सोडून देणारी कुटुंबं आम्ही पाहिली आहेत.

आजी कुठल्या मंडळीची होती, याचा अर्थ काळाप्रमाणे बदलतो. अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत आले आणि १८३१ साली नगरला ठाणं झालं. त्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या १९२४ साली युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात आल्या आणि २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा भाग बनल्या. म्हणून एकाच आजीचा बाप्तिस्मा, लग्न आणि दफन तीन वेगळ्या नावांच्या शिक्क्यांखाली सापडतं. तिनं पंथ बदललेला नसतो, कागदावरचं नाव बदललेलं असतं. अमेरिकन परंपरेच्या मेथडिस्ट मंडळ्या या एकीकरणात आल्या नाहीत, त्यांचं दप्तर वेगळं. आणि आजी मुक्तिफौजेची (साल्वेशन आर्मीची) असेल तर बाप्तिस्म्याची नोंद शोधत बसू नका. मुक्तिफौजेत बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे विधी पाळत नाहीत. तिथे बालकाचं समर्पण आणि सैनिक (म्हणजे सभासद) म्हणून झालेली नोंद पाहायची. कॅथलिक आजीच्या बाबतीत काम सोपं असतं. तिचा बाप्तिस्मा जिथे झाला त्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) वहीत त्याच नोंदीच्या कडेला दृढीकरण (कन्फर्मेशन) आणि लग्न यांचेही शेरे मारायची पद्धत आहे. एका ओळीत निम्मं आयुष्य मिळतं.

लग्नाची नोंद मात्र कुणी मागतच नाही, आणि आम्हाला ती सगळ्यात आवडते. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानं ठरवून दिलेल्या नमुन्यात वय, अविवाहित की विधवा, व्यवसाय, राहण्याचं ठिकाण, वडिलांचं नाव आणि साक्षीदार एवढं असतं. खाली नवऱ्या मुलीची सही किंवा अंगठा. घरात ‘आजी शिकलेली नव्हती’ असं ठामपणे सांगितलं जातं आणि इथे वळणदार अक्षरात सही निघते. उलटही होतं: लग्नात अंगठा, आणि पुढे महिला मंडळाच्या इतिवृत्तात सही. म्हणजे ती लग्नानंतर वाचायला शिकली, बहुधा बायबल वाचता यावं म्हणून. हे कुणी सांगत नाही, कारण कुणाला ठाऊकच नसतं. साक्षीदारांची नावंही टिपून घ्यावीत. त्यांच्या घरी फोटो निघतात.

शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून असेल तर तिला फारसं वजन देऊ नका. शाळा जूनमध्ये सुरू होत, आणि जन्मतारीख माहीत नसलेल्या मुलांना गुरुजी तीच तारीख घालून देत. बाप्तिस्म्याची वही आणि दाखला यांत फरक आला तर वही घ्यावी, आणि जीवनवृत्तात तेवढं एका वाक्यात सांगून टाकावं. नाहीतर पेन्शनच्या कागदावरची तारीख घेऊन एखादा पुतण्या उभा राहतो.

तारीख नसलेल्या कागदांचा काळ लावायला काही खुणा फार उपयोगी पडतात. पत्त्यात पिनकोड असेल तर पत्र १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. दानाच्या पावतीवर आणे असतील तर ती १ एप्रिल १९५७ च्या आधीची असण्याचा संभव जास्त. ‘नये पैसे’ असतील तर त्यानंतरच्या काही वर्षांतली. पत्त्यात ‘मुंबई राज्य’ असेल तर १ मे १९६० च्या आधीचं. अंतर्देशीय पत्रावर आतली तारीख आणि टपालाचा शिक्का यांत दोन-तीन दिवसांचं अंतर असतं, आतली घ्यावी. काळ्या कागदाच्या अल्बममध्ये चिकटवलेले फोटो ओढून काढू नयेत, पानासकटच टिपावेत. सुटा फोटो असेल तर मागचा स्टुडिओचा शिक्का बघावा. छोटे फोटो ६०० डीपीआयवर आणि कागदपत्रं ३०० वर स्कॅन केली की पुरतं. फोटोच्या मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलीनं; बॉलपेनचा दाब पुढून उमटतो.

आता माणसं. पहिली मुलाखत मुलाची घेऊ नये, सुनेची घ्यावी. मुलाला आईची थोरवी सांगायची असते. सुनेला आजी किती वाजता उठायची, कुठल्या भिंतीला टेकून बसायची, मोठ्यानं प्रार्थना करायची की पुटपुटत, आणि त्या वेळी कुणी हाक मारली तर काय व्हायचं, हे ठाऊक असतं. नंतर तिच्या वयाच्या महिला मंडळातल्या बाया, नंतर शेजारच्या हिंदू-मुसलमान घरातल्या. या शेजारणींकडून जे मिळतं ते घरात मिळत नाही. आजारपणात कुणाच्या घरी रात्र काढली, कुणाच्या बाळंतपणात धावली, हे आजीनं घरी सांगितलेलं नसतं.

बैठक पाऊण तासाच्या वर नेऊ नये. पंखा बंद, कुकर लावलेला नसावा, फोन बोलणाऱ्याच्या जवळ उशीवर ठेवावा, टेबलावर ठेवला तर प्रत्येक ठोका रेकॉर्ड होतो. सुरुवात गायनानं करावी, हा आमचा हुकमी उपाय. वयस्कर माणसाला प्रश्नानं जे आठवत नाही ते चालीनं आठवतं. ‘त्यांचं आवडतं गायन कुठलं?’ असं विचारलं की लोक सगळ्यांना माहीत असलेलं एखादं सांगून मोकळे होतात. त्यापेक्षा ‘भाकऱ्या थापताना काय म्हणायच्या?’ असं विचारावं. गायन लिहून घेताना पहिली ओळ घ्यावी, नुसता क्रमांक नको. ‘उपासना संगीत’ या गायनाच्या पुस्तकाच्या कुठल्या आवृत्तीतला क्रमांक ते कुणाला सांगता येत नाही, आणि स्मरणभक्तीत पेटीवाला भलतंच गायन सुरू करतो.

‘कशा होत्या?’ हा प्रश्न आम्ही वर्ज्य केलाय. त्याला उत्तर विशेषणातच येतं. ‘कशावरून रागवायच्या?’ याला मात्र गोष्ट येते. रविवारी सिनेमा नाही, शिवण नाही, परीक्षा असली तरी उपासना चुकवायची नाही. देवळातल्या (चर्चमधल्या) बाकावरच्या जागेवरून बहिणीशी धरलेला अबोला. मुलगा गेल्यावर कित्येक महिने देवळाची पायरी न चढणं. हे शेवटचं ऐकलं की घरचे कुजबुजतात, ‘हे नको लिहायला.’ आमचं मत उलट आहे. ती परत कशी आली, कोण तिच्याकडे जाऊन बसत होतं, पहिल्यांदा आली तेव्हा कुठे बसली, हे सांगता आलं तर तिची श्रद्धा ऐकणाऱ्याला पटते. अडखळण अजिबात नसलेली आजी फ्रेममधल्या फोटोसारखी वाटते. घर नाहीच म्हणालं तर सोडून देतो. ते आयुष्य त्यांच्या आजीचं आहे.

मोठ्या नावांची तपासणी हा एक स्वतंत्र उद्योग आहे. नगरच्या घरांत ‘आजीचा बाप्तिस्मा ह्यूमसाहेबांनी दिला’ हे हमखास निघतं. मिशनरी रॉबर्ट अ‍ॅलन ह्यूम १८४७ साली मुंबईत जन्मले आणि १९२९ साली वारले. आजी १९३२ ची असेल तर हे जमत नाही. त्या घराण्यातल्या एकाहून जास्त लोकांनी इथे काम केलं, शिवाय ‘ह्यूमसाहेब’ हे नाव लोकांच्या तोंडी कुठल्याही गोऱ्या साहेबाला चिकटलं असेल. वहीत बाप्तिस्मा देणाऱ्याची सही असते, ती बघा. बऱ्याचदा तो मराठी पाळक निघतो, आणि घरच्यांचा चेहरा जरा उतरतो. उतरायचं काही कारण नाही. तसंच ‘आजीला टिळकांनी गायन शिकवलं’. ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली गेले, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई १९३६ साली. १९२५ ची आजी लहानपणी लक्ष्मीबाईंना भेटलेली असू शकते, रेव्हरंड टिळकांना नाही. ‘मुक्तीत पंडिता रमाबाईंनी वाढवलं’ हेही असंच. रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला वारल्या. केडगावचं मुक्ती मिशन पुढे चालू राहिलं. आजी मुक्तीत वाढली हे खरं असेल, रमाबाईंच्या हाताखाली तिची आई किंवा आजी वाढली असेल. गोष्ट खोडून टाकू नये, तिच्या खऱ्या पिढीला नेऊन लावावी.

केडगावचा संबंध असलेल्या घरात बायबलही तपासा. रमाबाईंनी केलेलं संपूर्ण मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली केडगावहून प्रसिद्ध झालं, आणि त्यातले शब्द उपासनेत वाचल्या जाणाऱ्या बायबलपेक्षा वेगळे आहेत. आजीचं पाठ वचन द्यायचं तर तिच्या पुस्तकातून अक्षरशः उतरवून घ्यावं. मोबाइलवरच्या अ‍ॅपमधून चिकटवलं तर ते तिचं वचन राहत नाही, आणि जुनी माणसं लगेच ओळखतात.

पूर्वजांच्या धर्मांतराचा भाग लिहिताना हात आखडता ठेवावा. १८७६–७८ आणि १८९६ ते १९०० या काळातल्या दुष्काळांत मिशनच्या अनाथाश्रमांत आलेल्या मुलामुलींची घराणी या भागात पुष्कळ आहेत. त्यांच्या आधीची पिढी कागदावर सापडेलच असं नाही, आणि आडनावही मागाहून मिळालेलं असू शकतं. तिथे ‘मूळचे मोठ्या घराण्यातले’ असं लिहायचा आग्रह होतो. पुरावा नसेल तर आम्ही लिहीत नाही. पोरकी पोर दुष्काळात चालत आली आणि तिच्या नातीनं संडे स्कूल चालवलं, यात कमीपणाचं काय आहे?

लिहिताना लांबीचं भान हवं. मराठी मजकूर देवळात नीट ऐकू जाईल अशा गतीनं वाचला तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. पाच ते सहा मिनिटं मिळतात, म्हणजे सहाशे शब्द. त्यापुढे मागचे बाक चुळबुळ करू लागतात. त्यांत तीनच गोष्टी नीट मावतात: एक सवय, एक कठीण काळ, एक माणूस, जे आजीमुळे उभं राहिलं. बाकीचं सविस्तर वहीत ठेवावं. नीतिसूत्रे ३१ मधली सद्गुणी स्त्री प्रत्येक आजीला लावायची प्रथा आहे. ती बाई लोकर-ताग शोधते, शेत विकत घेते, व्यापार करते. आजी तशी असेल तर जरूर वाचा. आम्हाला त्यापेक्षा तीमथ्याला दुसरं पत्र, अध्याय १, वचन ५ जवळचं वाटतं. तिथे पौल तीमथ्याच्या आजीचं नाव घेतो, लोईस, आईचं नाव घेतो, युनीके, आणि दोघींच्या निष्कपट विश्वासाची आठवण काढून पुढे जातो. विशेषण एकच, पण नाव घेऊन आणि कुणापर्यंत पोचलं ते दाखवून.

नावांची यादी मजकुरापासून वेगळ्या कागदावर लिहावी आणि दोन वेगवेगळ्या शाखांतल्या माणसांकडून तपासून घ्यावी. एका शाखेनं केलेल्या यादीत दुसरीकडचा एखादा जावई सुटतोच, आणि ती जखम वर्षानुवर्षं राहते. दिवंगत मुलांची नावं आधी, मग हयात. धर्माबाहेर लग्न केलेल्या मुलीचं नाव गाळायला सांगितलं जातं. आम्ही ते गाळत नाही, आणि आजीच्या प्रार्थनेच्या वहीत तिचं नाव होतं की नाही तेवढं विचारतो. त्यावर सहसा वाद होत नाही. नातवंडं-पतवंडं जास्त असतील तर नुसती संख्या सांगावी. अर्धी नावं घेऊन ‘इत्यादी’ म्हणू नये.

वाचायला सर्वांत जवळचं मूल देऊ नये, दुसऱ्या परिच्छेदात आवाज जातो. भाचा, थोरली नात किंवा महिला मंडळातली कुणी चालते. कागद सोळा पॉइंटमध्ये, एका बाजूनं छापलेला, पानाच्या शेवटी वाक्य पूर्ण होईल असा. तारखा आकड्यांत असल्या तरी वाचणाऱ्यानं त्या आधी एकदा मोठ्यानं म्हणून पाहाव्यात. ‘१९३९’ वर हमखास अडखळायला होतं.

कबरीच्या दगडाचं काम वर्षभर थांबलं तरी चालतं. माती बसल्याशिवाय दगड बसवू नये, तो एका बाजूनं खचतो. कारागिराला मजकूर फोनवर सांगू नये. टाइप केलेला कागद द्यावा आणि कोरण्याआधी दगडावर आखलेली अक्षरं जाऊन पाहावीत. ‘स्तोत्र’ आणि ‘ख्रिस्त’ यांतली जोडाक्षरं, आणि वचनाचा संदर्भ, इथे चुका होतात; संगमरवरात खोदलेलं अक्षर परत भरता येत नाही.

स्मरणभक्ती संपली की चहाच्या वेळी दोन-तीन जण जवळ येऊन ‘ते साल चुकलंय’ किंवा ‘त्या वेळी मी तिथे होते’ असं सांगतात. वही-पेन घेऊनच उभं राहावं आणि नाव-तारखेसह सगळं उतरवून घ्यावं, वाद घालू नये. दुरुस्त्या तपासून महिन्याभरात दुसरी प्रत करावी, तिच्यावर ‘सुधारित’ आणि तारीख घालावी, आणि पहिली प्रत घराघरांतून परत मागवावी, नाहीतर जुनी चूकच पुढे उतरत राहते. सुधारित प्रत, स्कॅन आणि रेकॉर्डिंग तीन ठिकाणी ठेवावं: थोरल्या शाखेकडे, परगावच्या एखाद्या नातवंडाकडे, आणि छापील प्रत मंडळीच्या दप्तरात, दफन नोंदीचा अनुक्रमांक वर लिहून.